देव विश्वासू आहे असं म्हणताना जीभ अडखळते, कुणी यातून गेलंय का?

वाटसरू७

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच महिने इथं नुसतं वाचत होतो, लिहायला आज पहिल्यांदाच बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी नोकरी गेली. आमचं अख्खं डिपार्टमेंटच बंद झालं त्यामुळे राग धरायचा तरी कुणावर. पहिले चार-पाच महिने मी खरंच शांत होतो, उलट घरच्यांना मीच धीर द्यायचो की देव दार उघडेल. मग आईचं आजारपण निघालं. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, साखळी उपवास धरला, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, दोघांना दर्शन झालं की आई पलंगावरून उठून चालतेय, आणि आम्ही सगळ्यांनी ते अगदी घट्ट धरून ठेवलं. आणि आई गेली. आता अकरा महिने होतील. नोकरी अजून नाहीच, दोन ठिकाणी शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन परत आलोय, घराचे हप्ते बायकोच्या पगारावर चाललेत.

आईच्या फोनवर पहाटे पावणेपाचचा अलार्म आहे, तिनेच लावलेला, त्याला नाव दिलंय 'प्रभूची वेळ'. तो मी काढला नाही. फोन रोज रात्री चार्जिंगला लावतो, रोज पहाटे वाजतो, मी उठतो, बंद करतो आणि पलंगाच्या कडेला तसाच बसून राहतो. बोलायला काही नसतं. आधी निदान भांडायचो देवाशी, आता भांडणही संपलंय.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे तीन आठवड्यांनी उपासना घ्यायची पाळी माझी आहे आणि विषय आहे देवाचा विश्वासूपणा. काल गिटार घेऊन गाणी काढायला बसलो तर दुसऱ्या कडव्यालाच घसा दाटला, पुढे जाताच येईना. जे मनात नाही ते शंभर माणसांसमोर हात वर करून गायचं म्हणजे देवाच्या घरात खोटं बोलणंच की. त्यात आईच्या दफनानंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. त्यांनी प्रेमानेच सांगितलं असेल, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. खरंच माझ्यामुळे झालं का? आणि असं रिकामं झाल्यावर देव विश्वासू आहे असं माणूस कशाच्या आधारावर म्हणतो? वचनं पाठ आहेत मला, तो प्रश्न नाही.

आशेचा_नांगर

प्रेज द लॉर्ड ब्रदर. धीर सोडू नका. बायबलातलं यिर्मया २९:११ रोज सकाळी मोठ्याने म्हणून कबूल करा, देवाकडे तुमच्यासाठी हिताचीच योजना आहे. माझ्या भावाला असंच ४० दिवस कबूल केल्यावर नोकरी मिळाली. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

जुनी_वही

@आशेचा_नांगर भाऊ, तुमच्या भावासाठी आनंदच आहे आणि तुम्ही कळकळीने लिहिलंय हे दिसतंय, पण त्या वचनाबद्दल थोडं बोलू द्या कारण मी स्वतः त्यावर एकदा फार वाईट आपटलोय. ते एक पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना पाठवलेलं. अकराव्या वचनाच्या एकच ओळ आधी दहावं वचन आहे आणि त्यात आकडा आहे ७० वर्षं. म्हणजे ते पत्र ज्यांनी वाचलं त्यातली बरीच माणसं परत जायच्या आतच म्हातारी होऊन वारणार होती. आणि त्यांना काय सांगितलंय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकर सुटाल असं म्हणणारे संदेष्टे त्याच वेळी होते, लोकांना ते आवडायचे पण, आणि त्यांचं ऐकू नका असं त्याच पत्रात लिहिलंय.

म्हणून मी ते वचन सोडलं असं नाही. आता जास्तच धरतो. फक्त चाळीस दिवसांच्या हिशोबाने धरत नाही.

आशेचा_नांगर

हे दहावं वचन मी कधी जोडून वाचलंच नव्हतं. आत्ता उघडून वाचलं. धन्यवाद भाऊ. @वाटसरू७ माझ्या लिहिण्याने मन दुखलं असेल तर माफ करा.

ओलं_पान

वाटसरू भाऊ, तुमचं ते पलंगाच्या कडेला बसणं वाचलं आणि मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ रडले. मी ताईसारखी लिहिते, चालेल ना.

माझ्या मिस्टरांना सहा वर्षं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास मशीनवर. ते बरे झाले अशी साक्ष माझ्याकडे नाही हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी चमत्कार येईल अशी वाट बघत वाचू नका. दुसऱ्या वर्षी माझं पण तुमच्यासारखं झालं होतं, शब्द संपले. प्रार्थना करायला डोळे मिटले की झोप यायची नाहीतर हिशोब दिसायचे. तेव्हा काहीतरी हाताला काम हवं म्हणून त्या चार तासांत मी एका वहीत बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक उतरवून काढायला लागले, तेच का तर छोटं आहे, पाचच अध्याय.

उतरवून काढताना माणूस जे बघतो ते वाचताना दिसत नाही. आपण सगळे तिसऱ्या अध्यायातली ती दोन वचनं जाणतो, २२ आणि २३, देवाची दया दर सकाळी नवी होते ती. कॅलेंडरवर असतात, लग्नाच्या पत्रिकेत असतात. पण ती लिहिली गेली तेव्हा यरुशलेम जळून गेलेलं होतं, मंदिर पडलेलं, लहान मुलं रस्त्यात भुकेने आईच्या मांडीवर जीव सोडत होती. आणि त्याच अध्यायात १८ व्या वचनात तो माणूस म्हणतो की माझी शक्ती गेली, परमेश्वराकडून असलेली आशाही गेली. मधे दोन वचनांत नुसतं कडू आठवणं आहे. मग २१ व्या वचनात तो म्हणतो की मी हे मनात आणतो म्हणून मला आशा आहे. त्याला बरं वाटायला लागलं होतं असं तिथं कुठेच नाही. तो ओढून आणतोय, विहिरीतून बादली ओढावी तसं. आणि मला सगळ्यात जास्त धीर कशाने आला सांगू, त्या सुंदर वचनांनंतर तो तिथं थांबत नाही. ४४ व्या वचनात परत म्हणतो की तू स्वतःला ढगाने झाकून घेतलंस, आमची प्रार्थना पार जातच नाही. म्हणजे २३ मध्ये तुझी सत्यता थोर आहे आणि एकवीस वचनांनी परत हे! मी पेन खाली ठेवलं होतं तेव्हा. म्हटलं हा माणूस माझ्यासारखाच आहे की. आणि पुस्तक संपतं ते पण प्रश्नावरच, तू आम्हाला अगदीच टाकलंस का म्हणून. तरी ते बायबलमध्ये आहे, देवाने ते काढून टाकलं नाही.

अजून एक. आमच्या जुन्या मराठी बायबलात तिथं 'सत्यता' शब्द आहे, मला तो नीट लागायचा नाही, म्हणून आमच्या पाळकांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की मूळ इब्री शब्द एमूना आहे. आणि हाच शब्द निर्गम १७ मध्ये मोशेच्या हातांसाठी आलाय. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशे हात वर करून उभा असतो, हात जड होतात, मग त्याच्या खाली दगड ठेवतात आणि अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले असं आहे, ते स्थिर म्हणजे एमूना. मला तोपर्यंत वाटायचं विश्वासूपणा म्हणजे काहीतरी झळाळतं असणार. आणि हे तर थकलेले हात, दुसऱ्यांनी धरलेले, पण खाली न पडलेले.

तुमचे हात आत्ता जड झालेत भाऊ. त्यात पाप कुठं आहे.

दीपस्तंभ_के

ओलं_पान ताई 🙏🙏 मी हे माझ्या सेल ग्रुपमध्ये (आमच्या छोट्या प्रार्थना गटात) वाचून दाखवलं तर चालेल का? नाव न घेता.

ओलं_पान

हो हो जरूर.

निवृत्त_पाळक

प्रिय बंधू, मी ३१ वर्षं मंडळीत सेवा केली, आता निवृत्त आहे. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मला कुठलाही आडपडदा न ठेवता द्यायचं आहे. नाही, तुमच्यामुळे झालेलं नाही.

ते वाक्य तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण माझ्या सेवेच्या पहिल्या वर्षांत असली वाक्यं मीही बोललो आहे आणि त्यातल्या एका कुटुंबाची पुढे जाऊन क्षमा मागितली आहे. पण ते वाक्य खरं नाही. प्रेषित पौलाने अंगातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा तसाच राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी असताना मागे ठेवलं असं तो तीमथ्याला लिहितो. पौलाचा विश्वास कमी पडला का? आणि गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने स्वतः तीन वेळा तीच प्रार्थना केली की हा प्याला टळो. टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांचा म्हणून शिकवतो पण ३५ व्या वचनाच्या मधोमध तो वळतो, तिथून पुढे छळ सोसलेले, दगडमार झालेले, करवतीने चिरलेले लोक येतात आणि लेखक त्यांना त्याच यादीत, त्याच मानाने ठेवतो. आपल्याच पंडिता रमाबाईंचं बघा. आयुष्यभर इतक्या निराधार बायकांना पदराखाली घेतलं, आणि १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी १९२२ मध्ये रमाबाई स्वतः गेल्या. त्या बाईला विश्वास कमी पडला असं म्हणायला माझी जीभ धजावणार नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून काही न बोलता जे केलं ते उत्तम केलं. तोंड उघडलं तिथे चुकले. आणि शेवटी देव कुणावर रागावला? मित्रांवर. इतकं भांडलेल्या ईयोबाविषयी देव म्हणतो की हा माझ्याविषयी योग्य ते बोलला.

आता दर्शनांचं. तुमच्या आईविषयी ज्या दोघांनी दर्शन सांगितलं, त्यांनी जाणूनबुजून फसवलं असं मी समजत नाही, माणसाचं प्रेम फार असलं की तो स्वतःची इच्छाही देवाचा आवाज समजतो. पण बंधू, हे दोन हिशोब वेगळे करा. देवाने काय कबूल केलं होतं आणि माणसांनी त्याच्या नावावर काय कबूल केलं होतं. या आईचा आजार या वर्षी जाईल असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. तो सोडणार नाही, टाकणार नाही, मरणही त्याच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही आणि मेलेले उठवले जातील, हे त्याने म्हटलं आहे. तुम्ही आज ज्या वचनभंगाचं दुःख करता आहात त्यातला बराचसा भाग माणसांच्या वचनाचा आहे, आणि तो देवाच्या खात्यावर पडला आहे. मी हे फार घरांत पाहिलं आहे. माणसं देवाला सोडून जातात ती पुष्कळदा अशा वचनांसाठी जी त्याने दिलीच नव्हती.

आणि तुमचा धरून ठेवण्याचा जोर संपला तरी करार तुटत नाही. २ तीमथ्य २:१३ काढून वाचा, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासूच राहतो, त्याला स्वतःलाच नाकारता येत नाही. तुम्ही विचारलंत कशाच्या आधारावर म्हणायचं. माझ्या विश्वासाच्या आधारावर असेल तर मीही म्हणू शकणार नाही.

रात्रपाळी_सिस्टर

मी नर्स आहे, ड्युटी संपवून लिहितेय, थोडक्यात. वरचं सगळं बरोबरच आहे पण मला तुमच्या पोस्टमध्ये दुसरं काहीतरी दिसलं. रागही संपला, बोलायला काही नाही, नुसतं बसून राहणं, अकरा महिने. झोप किती लागते? जेवण जातं का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागतं का? हे डिप्रेशन असू शकतं भाऊ. नक्की आहे असं मी इथून म्हणत नाही पण डॉक्टरला दाखवा, समुपदेशकाकडे जा. विश्वासाने बरं होईल म्हणून लोक हे टाळतात आणि फार उशीर करतात, मी बघते रोज.

एलीया संदेष्टा आठवा, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला माणूस, आणि दुसऱ्याच अध्यायात झुडपाखाली पडून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूत आला, हात लावून उठवलं, खायला-प्यायला दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं कारण वाट लांब होती. बोलणं नंतर झालं, ते पण हळू आवाजात. वहिनींना सांगा हे सगळं, एकट्याने पोटात ठेवू नका. आणि मरून जावंसं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच्या तेव्हा कुणाला तरी उठवा.

ताल_धरणारा

मी पण वर्शिप टीममध्ये आहे म्हणून त्या रविवारबद्दलच बोलतो. माझं मत की सरळ पास्टरांना सांगून यावेळी पाळी बदलून घ्या. दुःखात असताना स्टेजवर उभं राहायचं प्रेशर कुणी घेऊ नये, दुसरा कुणीतरी घेईल, मंडळी त्याने पडत नाही.

जुनी_वही

@ताल_धरणारा मला थोडं वेगळं वाटतं. पाळी सोडणं चूक नाहीच, पण मंडळीत त्यांच्यासारखी अजून किती माणसं बसली असतील ज्यांना वाटतं की आपण एकटेच असे आहोत. आपल्याकडे साक्षीला उभा राहतो तो ज्याचं काम झालं तोच. वाट बघणारा कधी उभाच राहत नाही. स्तोत्रसंहितेत बघा किती रडगाणी आहेत, आणि ती घरात एकट्याने म्हणायची नव्हती, बरीचशी मुख्य गवयासाठी म्हणून दिलेली आहेत, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची. १३ वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'किती वेळ' विचारलंय. आणि ८८ वं तर काळोखातच संपतं, शेवटी उजेड येतच नाही. ते पण मुख्य गवयासाठी आहे. तेव्हा विश्वासूपणा या विषयावर उपासना घ्यायची तर १३ व्या स्तोत्राने सुरू करायला काय हरकत आहे? त्यात खोटं काहीच बोलावं लागणार नाही.

ताल_धरणारा

हम्म. हे खरंय. आम्ही कधीच विलापाचं स्तोत्र घेतलेलं नाही, आठ वर्षांत एकदाही नाही. पण त्यांनी गायलाच पाहिजे असं नको. नुसतं गिटार वाजवा, आवाज दुसऱ्याचा असू दे.

वाटसरू७

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण परत परत वाचत होतो.

पाळकसाहेब, ते दोन हिशोब. मी वहीत खरंच दोन रकाने केले. एका बाजूला देवाने दिलेली वचनं आणि दुसऱ्या बाजूला लोकांनी आईसाठी सांगितलेली. दुसरा रकाना पान भरून झाला, तारखांसकट सगळं आठवत होतं मला. बायकोने ते बघितलं आणि ती म्हणाली, एवढं ओझं घेऊन तू रोज पहाटे बसत होतास का. मग आम्ही दोघं खूप वेळ बोललो, आई गेल्यावर पहिल्यांदाच. तिलाही कुणीतरी तेच वाक्य ऐकवलं होतं हे मला माहीतच नव्हतं, ती पण अकरा महिने गप्प होती, मला लागेल म्हणून.

सिस्टर, झोप नीट लागत नाही, वजन पण उतरलंय. तुम्ही लिहिलेली शेवटची ओळ वाचून आधी वाटलं आपलं तेवढं नाहीये, पण डॉक्टरची वेळ घेतली आहे, गुरुवारची.

पास्टरांना भेटलो. मला वाटलं नाराज होतील. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले तेरावं स्तोत्र तू वाच, गाणी दुसरे घेतील, आणि त्या दिवशी साक्षीच्या वेळेत ज्यांची वाट बघणं चालू आहे त्यांना पण बोलू दे. त्या वडीलधाऱ्या भावांशी अजून बोललो नाही. तेवढी ताकद आत्ता नाही, नंतर बघू.

आज पहाटे अलार्म वाजला. मी बसलो. बोलायला काही नव्हतंच, मग ते स्तोत्र उघडलं आणि पहिलं वचन तेवढं मोठ्याने वाचलं, हे परमेश्वरा किती वेळ. आवाज फुटला मधेच. बायको जागी झाली, उठून शेजारी येऊन बसली, तिने काही विचारलं नाही. दुसरं वचन तिने वाचलं. तिसऱ्यापर्यंत आम्ही गेलो नाही.

नोकरीचं काहीच नाही अजून. देव विश्वासू आहे हे आज छातीठोक म्हणता येईल असंही नाही. पण किती वेळ असं ज्याला विचारायचं तो ऐकतोय एवढं तरी मी धरूनच विचारतोय ना, हे दुपारी भांडी घासताना लक्षात आलं.

निवृत्त_पाळक

बंधू, तेवढं पुरे आहे. वडीलधाऱ्या भावांची घाई करू नका.

ओलं_पान

भाऊ, रविवारी उपासना किती वाजता असते तुमची? रविवारी मिस्टरांचं मशीन नसतं, आम्ही दोघं घरीच असतो. तेव्हा बसू प्रार्थनेला.

वाटसरू७

साडेनऊला ताई. वाचन साधारण दहाच्या सुमारास येईल. तुमच्या मिस्टरांचे मशीनचे दिवस कोणते ते सांगा, पावणेपाचला आम्ही दोघं उठतोच.

ओलं_पान

सोम, बुध, शुक्र.